चिलखताचा जमाखर्च

स्वतःचं रक्षण किती करावं, हा प्रश्न आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. आत्मा अमर आहे असं एकदा ठरवून टाकलं, की खिडकीला ग्रिल लावायचं की नाही असल्या क्षुल्लक तपशिलात शिरायचं कारण उरत नाही. आम्हा बी. कॉम. झालेल्या माणसांची तिथेच पंचाईत होते. आत्म्याचा ताळेबंद मांडता येत नाही, म्हणून आम्ही वस्तूंचा मांडतो. आणि वस्तू म्हटली की ती जाण्याची भीती आली, भीती आली की कुलूप आलं, आणि कुलूप आलं की किल्ली कुठे ठेवली ते आठवण्यात उरलेलं आयुष्य गेलं.

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच, टेबल तेच, फक्त पूर्वी कारकुनाला पडणाऱ्या शिव्या आता असोसिएटला पडतात. आमच्या शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत. एक अधिकाऱ्याकडे असते आणि दुसरी गेली आठ वर्षं माझ्या खिशात आहे. एकट्या माझ्या किल्लीने तिजोरी उघडत नाही आणि एकट्या साहेबांच्या किल्लीनेही उघडत नाही. त्यामुळे साहेब माझ्या तब्येतीची चौकशी करतात ती मनापासून करतात, याबद्दल मला शंका नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की, संरक्षण हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. म्हणूनच आमचे अकरावीतले चिरंजीव एका रात्री "बाबा, शील्ड लावू की आर्मर?" असं विचारते झाले, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एरवी त्याच्या प्रश्नांना मी वर्तमानपत्राआडूनच उत्तरं देतो.

प्रश्न अवकाशयानाचा होता. 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा एक खेळ आहे. आइसलँडमध्ये रेक्याविक इथल्या सीसीपी या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. चीनमधल्या मंडळींचा संसार वेगळा. बाकी जगभरचे खेळाडू एकाच विश्वात नांदतात, आणि त्या विश्वात सात हजारांहून अधिक तारामंडळं आहेत. (आमच्या चिरंजीवांना ती बरीचशी पाठ आहेत. महाराष्ट्रातले जिल्हे छत्तीस, ते विचारले तर तो सव्वीसवर थांबतो.) या खेळाची खरी गंमत अशी की, इथे फुटलेलं जहाज फुटलेलंच राहतं. 'पुन्हा सुरुवात करा' असं बटण नाही. खनिज खणून, व्यापार करून, महिनोन् महिने घाम गाळून घेतलेलं जहाज वीस सेकंदांत गेलं की गेलं.

तिथल्या पैशाला आयएसके म्हणतात. आइसलँडच्या खऱ्याखुऱ्या क्रोनाचं आंतरराष्ट्रीय लघुरूपही हेच. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात कोसळल्या, तेव्हा कोणतं आयएसके जवळ बाळगावं असा विचार तिकडच्या एखाद्या कारकुनाच्या मनात नक्कीच आला असेल. अर्थात खेळातही सगळं आलबेल नाही. २००९ साली तिथे खेळाडूंनीच चालवलेल्या एका बँकेच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज आयएसके उचलून खऱ्या पैशाला विकून टाकले आणि ठेवी परत मागणाऱ्यांची रांग लागली. हे ऐकल्यावर मला त्या खेळाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

तर शील्ड की आर्मर. जहाजात ठरावीक खण असतात, ठरावीक वीज असते, आणि त्यातच तोफा, इंजिनं आणि बचावाची साधनं बसवावी लागतात. वन रूम किचनमध्ये फ्रिज, देवघर आणि सासऱ्यांची आरामखुर्ची बसवण्यासारखाच प्रकार. एक आणलं की दुसरं बाहेर जातं. जहाजाला बचावाचे थर तीन. सर्वांत बाहेर शील्ड म्हणजे ऊर्जेची ढाल, तिच्या आत आर्मर म्हणजे चिलखत, आणि त्याच्याही आत जहाजाचा सांगाडा. ढाल मार खाल्ल्यावर हळूहळू आपली आपण भरून येते. चिलखत येत नाही. ते दुरुस्त करावं लागतं. मी मनातल्या मनात याचं लगेच भाषांतर करून घेतलं. ढाल म्हणजे पगार, एक तारखेला आपोआप भरतो. चिलखत म्हणजे मुदत ठेव, मोडली की आपोआप भरत नाही. आणि सांगाडा म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. मार तिथवर पोचला की माणूस देवाचं नाव घेऊ लागतो.

पण कोणतंही संरक्षण फुकट मिळत नाही, हे त्या आइसलँडच्या लोकांनी फार प्रामाणिकपणे मांडलं आहे. चिलखताचे जाड पत्रे चढवले की जहाज जड आणि मंद होतं. ढाल वाढवली की जहाजाचा आकार शत्रूच्या यंत्रांना मोठा दिसतो आणि नेम धरणं सोपं जातं. आपल्याकडेही ज्या बंगल्याची भिंत सर्वांत उंच, त्याच्याच आत काहीतरी आहे असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं. आणि जास्त माल भरता यावा म्हणून कोठार वाढवायचं यंत्र बसवलं तर सांगाडाच कमजोर होतो. लोभाने माणूस आतून पोकळ होतो हे आपल्याला कीर्तनात ऐकून माहीत होतं. इथे त्याची टक्केवारी दिलेली असते.

शिवाय मारही चार जातींचा. विद्युतचुंबकीय, उष्णतेचा, आघाताचा आणि स्फोटाचा. ढाल स्फोटाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण विद्युतचुंबकीय माऱ्यापुढे तिचा मूळचा प्रतिकार शून्य. चिलखताचं नेमकं उलट. ते स्फोटापुढे दुबळं. म्हणजे मुळात प्रत्येकाला एक भोक आहेच. ते बुजवायला जास्तीची साधनं घ्यावीत, तर एकाच जातीची दुसरी वस्तू सुमारे ८७ टक्के काम करते, तिसरी ५७ टक्के आणि चौथी जेमतेम २८. घटत्या उपयोगितेचा सिद्धांत आम्हाला एफ. वाय.ला आंब्याच्या उदाहरणाने शिकवला होता. तीस वर्षांनी तो असा अवकाशात भेटेल असं प्राध्यापकांनाही वाटलं नसेल.

मला यात आमचे खातेदार दिसू लागले. एक गृहस्थ आहेत. दाराला तीन कुलपं, बाहेर लोखंडी दरवाजा, वर कॅमेरा, आणि कुत्रा नसताना 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी. त्यांचे पैसे गेले ते दुपारी अडीच वाजता, सोफ्यावर बसून, फोनवरच्या गोड आवाजाला ओटीपी सांगताना. तीन कुलपांपैकी तिसरं त्या वेळी २८ टक्केसुद्धा काम करत नव्हतं. ज्याची भीती वाटते त्याच्याविरुद्ध आपण भिंत बांधतो, आणि जे यायचं असतं ते बहुधा नळातून येतं.

हे मोठ्यामोठ्यांनाही चुकत नाही. २७ जानेवारी २०१४ रोजी या खेळात इतिहासप्रसिद्ध लढाई झाली. टायटन नावाची अजस्र जहाजं, जी बांधायला शेकडो माणसांचे कष्ट लागतात, ती एका लढाईत ७५ बुडाली. खऱ्या पैशात नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज कंपनीनेच सांगितला होता. आणि कारण काय? एका आघाडीच्या तळाचं भाडं मुदतीत भरलं गेलं नाही. ताबा सुटला, शत्रू आत शिरला. एवढी चिलखतं, एवढ्या ढाली, आणि सगळं गेलं एका न वठलेल्या हप्त्यापायी! मी ही हकीकत आमच्या शाखेत सांगितली तेव्हा कर्ज विभागातले सहकारी बराच वेळ भारावलेले होते.

असो. आमचे चिरंजीव अशा महायुद्धांतले नव्हेत. ते खाणकामगार. लघुग्रहाजवळ यान उभं करायचं, किरण लावायचा आणि दगड फुटायची वाट पाहायची. हे बघायला इतकं कंटाळवाणं आहे की मला क्षणभर ऑफिसात आल्यासारखं वाटलं. खाणकामाला तीन प्रकारची याने मिळतात. कव्हेटर सर्वांत जास्त खणतं, पण त्याची कातडी पातळ. रिट्रीव्हरची पोटं मोठी. भरेपर्यंत खुशाल डुलकी काढावी. आणि प्रॉक्युरर खणतं कमी, पण मार खायला पक्कं. थोडक्यात शेअरबाजारवाला, सरकारी नोकर आणि आमच्या घराण्यातला माणूस. चिरंजीवांनी प्रॉक्युरर घेतलं. रक्त बोलतं ते असं. खालच्या खणात खणण्याचा वेग वाढवणारं यंत्र बसत होतं. ते सोडून त्याने नुकसान रोखणारं यंत्र बसवलं, ढाल वाढवली, तीही उष्णता आणि आघात यांच्याविरुद्ध पक्की केली, कारण त्या भागात फिरणाऱ्या लुटारूंच्या तोफा त्याच जातीच्या. मी पाठ थोपटली.

लुटारूंचं गणित समजून घ्यायला हवं. या भागात पोलीस आहेत. त्यांना कॉन्कॉर्ड म्हणतात. कुणी विनाकारण हल्ला केला की कॉन्कॉर्ड येतं आणि हल्लेखोराचं जहाज नष्ट करतं. यात दयामाया नाही, वशिला नाही. फक्त ते येतं नंतर. सुरक्षिततेच्या खालच्या पायरीवरच्या मंडळात यायला वीसेक सेकंद लागतात. म्हणजे कॉन्कॉर्ड शिक्षा करतं, रक्षण करत नाही. मग लुटारू स्वस्तातली कॅटॅलिस्ट नावाची लढाऊ याने घेऊन येतात, ती जाणार हे धरूनच येतात, आणि त्या वीस सेकंदांत समोरच्याचा फडशा पाडतात. भग्नावशेषात साधारण निम्मा माल शिल्लक राहतो, तो मागून येणारा साथीदार उचलतो. आपली याने स्वस्त, त्याचा माल महाग, वजाबाकी नफ्यात असली म्हणजे झालं. हा शुद्ध कॉमर्सचा विषय आहे, आणि म्हणूनच हल्ल्यापूर्वी ते यंत्राने समोरच्या यानाची तपासणी करतात. कुणाच्या अंगावर काय चढवलंय, सगळं दिसतं.

त्या शनिवारी रात्री चार कॅटॅलिस्ट आली. त्यांनी आधी चिरंजीवांचं यान तपासलं. मग शेजारी उभं असलेलं कव्हेटर तपासलं. कव्हेटर एका निवृत्त पोस्टमनचं होतं, नॉर्वेतल्या. पंधरवडाभर दोघं शेजारी-शेजारी खणत होते. पोस्टमन याला तिकडच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचा आणि हा त्याला लोकल ट्रेनच्या. वीस सेकंदांत कव्हेटर गेलं. मग कॉन्कॉर्ड आलं, चारही कॅटॅलिस्ट गेली, आणि चिरंजीवांचा किरण शांतपणे दगडावर चालू राहिला.

तो उठून माझ्याकडे आला. "बाबा, मी प्रॉक्युरर घेतलं म्हणून त्याचं गेलं का?"

आता काय सांगावं? मी प्रथम कायद्याची बाजू मांडली. तुझा-त्याचा काही करार नव्हता, तू लुटारूंना बोलावलं नव्हतंस, त्याने जास्त कमाईसाठी पातळ कातडी पत्करली. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मुलगा मान डोलवत होता आणि त्याला काहीच पटत नव्हतं. ही खोड त्याने त्याच्या आईकडून घेतली आहे.

रात्री मला झोप लागेना, कारण मला दुहेरी नोंद पद्धत येते. आमच्या शास्त्रात कोणतीही रक्कम नुसती जमा होत नाही. एका बाजूला जमा, की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात ती नावे पडलीच पाहिजे. माझ्या खात्यात सुरक्षितता जमा झाली, तर ती नावे कुणाच्या खात्यात पडली?

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. २०१६ च्या सुमारास अकरा बिऱ्हाडांनी खिडक्यांना ग्रिल बसवून घेतलं, एकाच ग्रिलवाल्याकडून, घाऊक भावात. तळमजल्यावरच्या बाईंनी बसवलं नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. म्हणाल्या, जाळीतून पाहिलं की मला सगळी माणसं तुरुंगात असल्यासारखी दिसतात. पुढल्या दिवाळीत चोर आला. गॅसचं भरलेलं सिलिंडर, चांदीचं तबक आणि यजमानांचं किल्लीचं घड्याळ घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही अकराही घरची माणसं त्यांच्याकडे चहाला गेलो आणि प्रत्येकाने त्यांना ग्रिल बसवायचा सल्ला दिला. ग्रिलवाल्याचा नंबर त्यांच्याकडे अकरा वेळा लिहिला गेला. चोराने आधी आमच्या खिडक्यांवरून नजर फिरवून मग त्यांची निवडली असणार, हे मात्र चहाबरोबर कुणी काढलं नाही. बाईंनाही ते कळत असावं. त्यांनी सगळ्यांना दोन-दोन बिस्किटं दिली.

म्हणून काय ग्रिल काढून टाकायचं? त्याने बाईंचं घड्याळ परत येणार नाही. फक्त चोराला निवडायला वाव मिळेल. आणि सगळ्यांनीच बसवलं तर? चिरंजीवांचं म्हणणं असं की, सगळ्यांनीच प्रॉक्युरर घेतली तर धंदा परवडणार नाही म्हणून लुटारू जातील. किंवा चाराच्या ऐवजी दहा कॅटॅलिस्ट घेऊन येतील. शिवाय नफ्यातोट्याचं गणित न करणारेही असतात. २०१२ पासून तिथे एक टोळी खाणकामगारांकडून वर्षाला एक कोटी आयएसके घेऊन खणण्याचा 'परवाना' विकत असे; परवाना नसेल त्याचं यान तत्त्वासाठी फोडत. हप्त्याला तत्त्वाचं नाव देण्याची कला आइसलँडपर्यंत पोचली आहे हे ऐकून ऊर भरून आला.

मग मला प्रतापगड आठवला. १० नोव्हेंबर १६५९. महाराजांनी चिलखत घातलं होतं, पण अंगरख्याच्या आत, शिरस्त्राणही पागोट्याखाली. खानाचा वार चिलखतावर अडला, कारण ते असल्याचं खानाला ठाऊक नव्हतं. माझ्यातल्या कारकुनाला वाटलं, हा मुद्दा नोंदवून ठेवण्यासारखा आहे. दिसणारं चिलखत शत्रूला शेजाऱ्याकडे वळवतं, न दिसणारं वळवत नाही. कोणाच्या अंगरख्याखाली काय आहे हे चोराला कळलं नाही, तर तो ग्रिल नसलेल्या बाईंच्या खिडकीलाही भिईल; म्हणजे माझ्या खर्चात त्यांचंही थोडं रक्षण होईल. तसंच अग्निशामक नळकांड्याचं. माझ्या घरातली आग विझली की ती शेजारी जात नाही. २०२१ साली रांगेत उभं राहून आपण लस टोचून घेतली, तीही याच खात्यात बसते. म्हणजे संरक्षणाचे दोन प्रकार झाले: एक संकट पुढच्या दारी ढकलणारं, दुसरं संकट तिथल्या तिथे कमी करणारं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि बिलात फरक दाखवत नाहीत.

मी हा शोध सकाळी चहाच्या वेळी चिरंजीवांना ऐकवला. तो म्हणाला, "बाबा, तिथे स्कॅनरला सगळं दिसतं. अंगरखा नाहीये." मी गप्प बसलो. सौ. म्हणाली, "चहा गार होतोय."

आठवडाभराने पाहतो तर प्रॉक्युरर दिसेना. त्याजागी दुसरंच, जरा वेडंवाकडं यान. हे ऑस्प्रे. याच्यावर दूरवर ढाल भरणारी यंत्रं बसवतात. शेजारच्या यानावर मारा झाला की हे आपली वीज त्याच्या ढालीत ओततं. खणणं बंद. पोस्टमनने पुन्हा कव्हेटरच घेतलं होतं (माणसं बदलत नाहीत, ती नॉर्वेत असली तरी), आणि आमचा मुलगा त्याच्या आणि आणखी चार-पाच जणांच्या शेजारी नुसता उभा.

"कमाई?" मी विचारलं.

"ते देतात थोडं थोडं. पोस्टमन विसरतो."

"आणि दहा कॅटॅलिस्ट आली तर?"

"मग नाही वाचणार. चार आली तर कदाचित वाचेल."

"आणि तुझ्यावर आली तर? हे यंत्र तुझीही ढाल भरतं ना?"

तो हसला. "नाही ना! तीच तर गंमत आहे. हे स्वतःवर चालतच नाही. दुसऱ्यावरच चालतं. म्हणून ऑस्प्रे दोन लागतात. एक दुसऱ्याला सांभाळते."

"मग दुसरी कुठे आहे?"

"नाहीये."

माझा हात नकळत खिशातल्या किल्लीकडे गेला.

आता परिस्थिती अशी आहे. या खेळात २०१६ पासून फुकटातलं खातं मिळतं आणि त्यावर ऑस्प्रे चालवता येते. मात्र आधी शिक्षण पूर्ण करावं लागतं. इथलं शिक्षण घड्याळाप्रमाणे चालतं. आपण झोपलेलो असलो, काउंटरवर असलो, तरी ते आपलं पुढे सरकत असतं. आमच्या खात्याच्या परीक्षांना ही सोय असती तर मी आज मॅनेजर असतो. रोज रात्री जेवण झालं की मी चिरंजीवांच्या मागे उभा राहून किती उरलं ते पाहतो. काल नऊ दिवस आणि चार तास दाखवत होतं. पोस्टमनला मी येणार असल्याचं सांगितलं आहे, आणि तोवर कव्हेटर जरा आत, स्टेशनाजवळ उभं करायला सांगितलं आहे. तो ऐकेलसं वाटत नाही.